एक्केचाळीस पाइपांची गाडी

तलासरीच्या पोलीस ठाण्यात मला पंचनाम्याची प्रत मिळाली तेव्हा बाबांना जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते. दोन पानं होती. पहिल्या पानावर जागा, वेळ, गाडीचा नंबर, रस्त्याचा उतार कोणत्या बाजूला, किती पाइप खाली पडले आणि किती गाडीत राहिले. ते सगळं कुणीतरी नीट मोजून लिहिलं होतं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर होतं: ‘मयताच्या अंगास व कपड्यांस दारूचा उग्र वास येत होता. सबब मयत हा नशेत असल्याने वेळीच बाजूला होऊ शकला नाही.’

खाली दोन पंचांच्या सह्या होत्या. एक माझ्या ओळखीची नव्हती. दुसरी, एकेक अक्षर सुटं काढलेली, बाबांबरोबर काम करणाऱ्या लक्ष्याकाकाची होती.

“हे वाक्य काढता येईल का?” मी विचारलं.

हवालदार भोयेंनी चष्मा लावला, मी बोट ठेवलं होतं तिथपर्यंत वाचलं आणि चष्मा काढला. “मॅडम, पंचनाम्यातलं काही काढत नसतात. जे होतं ते लिहिलंय.”

“बाबांनी अकरा वर्षांपूर्वी सोडली होती.”

“सगळ्यांच्या घरचे असंच सांगतात.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “मी सुरगाण्याचा, आदिवासीच. आपल्या लोकांना कशावरून काय म्हणतात ते मला ठाऊक नाही का? पण मी स्वतः होतो तिथे. वास येत होता.”

“रक्त तपासलं होतं?”

“नाही. साडेतीनशे किलोचा पाइप अंगावर आलेला. माणूस कशाने गेला, हे शोधायची गरज कुणाला वाटली नाही.”

मी प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली. भोयेंनी मला थांबवलं. “एक होऊ शकतं. पंच स्वतः आला आणि लिहून दिलं, की तेव्हा अर्धंच सांगितलं होतं, खरं असं असं झालं, तर ते मी पुरवणी म्हणून जोडतो. मग त्या वाक्यात काही उरत नाही. पण त्याने यायला पाहिजे. आणि सगळं सांगायला पाहिजे. नुसतं ‘प्यायला नव्हता’ एवढ्यावर नाही चालणार. मग तो तिथे उभा का राहिला, याला उत्तर लागेल.”

भरपाईचा अर्ज वकिलांकडे होता, त्याची मला घाई नव्हती. मला ते वाक्य नको होतं. मी डहाणूच्या शाळेत शिकवते. बाबा गेल्यावर भेटायला आलेल्या एका सहकारी बाईंनी माझा हात हातात धरून विचारलं होतं, “थोडी घ्यायचे का हो?” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरीच काळजी होती. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. गंजाडचा माणूस, गाडी भरणारा, गाडीशेजारी मेला, एवढ्यावरून त्यांना ते सुचलं होतं. आता ते सरकारी शिक्क्याखालीही होतं.

*

बाबा तलासरीजवळच्या एका लोखंडाच्या यार्डात गाड्या भरत. टोळीत सात जण, सगळे गंजाडच्या आजूबाजूच्या पाड्यांवरचे. सहा जण भरायचे आणि एक जण बांधायचा. एकोणीस वर्षं बांधायचं काम बाबांकडे होतं. गाडी भरून झाली की ते दोरीला लगेच हात लावत नसत. आधी लांब जाऊन उभे राहायचे आणि टायर बघायचे. पुढचे टायर पोट काढून बसले असतील तर माल पुढे झाला, मागचे बसले असतील तर मागे. वजनकाट्यावर नेण्याआधी ते सांगायचे आणि बहुतेक वेळा शंभर-दोनशे किलोच्या आत बरोबर निघायचं.

“पुढच्या दोन चाकांना सात टन, मागच्या आठांना एकवीस,” ते मला सांगत. मी तेव्हा सहावीत असेन. “एकूण वजन कमी असलं तरी भागत नाही. एकाच धुरीवर, म्हणजे अ‍ॅक्सलवर, जास्त आलं की गाडी वळत नाही, नाहीतर थांबत नाही.” आणि मग, मला समजलं नसेल असं वाटून: “तू भरलेला हंडा घेऊन चालतेस ना? तुला हंडा पाडत नाही. आतलं पाणी हलतं ना, ते पाडतं.”

म्हणून ते पाइपांच्या गाडीत पुढे, केबिनच्या भिंतीपाशी, दीड हात जागा रिकामी सोडायचे. पाइप भिंतीला टेकवले तर पुढची चाकं जड होतात. पण ती जागा रिकामी ठेवायची नाही. तिथे सागाचे ठोकळे उभे ठोकून बसवायचे, म्हणजे ब्रेक मारला तरी पाइप पुढे धावत नाहीत. वरून दोन साखळ्या. शेवटची गाठ मारून झाली की बाबा खिशातून खोकल्याच्या औषधाची एक छोटी बाटली काढायचे. तिच्यात मोहाची दारू असायची. बोटांवर चार थेंब घेऊन गाठीवर आणि चाकांवर शिंपडायचे, हात शर्टाला पुसायचे. आजोबा बैलगाडीला करायचे, बाबा ट्रकला करत. स्वतः पिणं सोडल्यावरही बाटली सुटली नाही. टोळीतले त्यावरून त्यांना चिडवायचे. “चिमण्या, चाकं झिंगली तर गाडी कोण चालवणार?” बाबा म्हणायचे, “तुझ्यापेक्षा बरी चालवतील.”

आणि एक नियम होता. बांधलेल्या गाडीची दोरी कुठेही सोडायची असेल, यार्डात, रस्त्यात, गिऱ्हाइकाच्या दारात, तर बांधणाऱ्याने गाडीभोवती फिरून, दोन्ही बाजूंना पाचरी ठोकून, फाळक्यावर, म्हणजे गाडीच्या कडेच्या फळीवर, दोनदा हात मारून ‘सोड’ म्हणायचं. त्याआधी दोरीला कुणी शिवायचं नाही. वाटेत सरकलेला माल दोरीनेच धरलेला असतो, हे बाहेरून दिसत नाही. त्यासाठीच बाबा प्रत्येक गाडीवर पहिल्या काट्यापर्यंत बसून जायचे आणि परत येताना मिळेल ती रिक्षा धरायचे.

पंचनाम्यानुसार बाबा काट्यासमोर, रस्त्याच्या उताराच्या बाजूला, गाडीला लागून उभे होते. हातात पाचर होती. ती पंचनाम्यात ‘लाकडाचा तुकडा’ म्हणून आली आहे.

*

मी आधी काट्यावर गेले. तिथल्या माणसाने जुन्या नोंदीतून पावती काढून दिली. पुढचा अ‍ॅक्सल ८,६४०. मागचे १५,९१०. एकूण साडेचोवीस टन. एकूण वजनात काहीच चूक नव्हती. पुढच्या चाकांवर मात्र सात टनांच्या वर दीड टनाहून जास्त.

“मी बोललो ना, गाडी परत न्या,” तो म्हणाला. “पुढे नाक्यावर पकडतील. मॅनेजरचा फोन आला असं ते बोलले, इथंच सरकवा म्हणून. मी बोललो, माझ्या काट्यासमोर नको. मग त्यांनी गाडी तिकडे उतारावर लावली.” त्याने हाताने दाखवलं. मी तिकडे बघितलं नाही.

तिथून मी यार्डात गेले. मॅनेजर नविनभाई खुर्चीतून उठले, मला बसायला सांगितलं, चहा मागवला.

“दक्षाबेन, तुमचे बाप्पा म्हणजे माझा उजवा हात हता. खोटं नाही सांगत.”

“त्या दिवशी गाडीत पुढे ठोकळे होते?”

“ठोकळे तर असतातच.”

“त्या दिवशी?”

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. “जुओ बेन, चार ठोकळे दुसऱ्या गाडीत गेलेले, ते परत नाही आले. मी बोललो, चिमणभाई, शुं करवानुं? ते बोलले, पेंढा भरतो. त्यांनी स्वतः बोलले. मी इंजिनीयर थोडाच आहे? त्यांना वीस वर्षांचा अनुभव.”

“आणि फोनवर तुम्ही काय सांगितलंत?”

“शेनो फोन?” ते म्हणाले आणि माझ्या कपाकडे बघितलं. “चा ठंडी थाय छे.”

पेंढ्याचं मी मनावर घेतलं नाही. तो माणूस स्वतःला वाचवतोय, असंच मला वाटलं. बाबा ठोकळ्यांच्या जागी पेंढा भरतील हे मला खरं वाटणं शक्य नव्हतं.

*

लक्ष्याकाका बाबांबरोबर पहिल्यापासून टोळीत होता. बाबांहून चार वर्षांनी लहान. गाडीच्या एका बाजूला बाबा असले की दुसऱ्या बाजूला तो, काट्यापर्यंत जातानाही. बाबा गेल्यापासून तो यार्डात गेला नव्हता आणि आमच्या घरीही आला नव्हता. दिवसांना टोळीतले बाकी पाचही आले होते.

मी वरच्या पाड्यावर गेले तेव्हा तो घरामागे वांग्यांच्या वाफ्याला कारवीचं कुंपण करत होता. मला बघून उठला नाही. त्याची बायको सुकी घरातून पाणी घेऊन आली.

“बस,” ती म्हणाली. “शाळा नाय आज?”

“रजा घेतली.”

“बरं हाय तुमचं. रजा घेतली का मिळते.”

मी पाणी प्यायले. काका कारवीची एक काठी घ्यायचा, मातीत रोवायचा, हलवून बघायचा, पुन्हा उपटायचा.

“काका, पंचनाम्यावर तुझी सही आहे.”

“हाय.”

“वाचलं होतंस?”

“त्यांनी वाचून दाखवलं.”

“बाबा प्यायले होते?”

“नाय.”

“मग सही कशी केलीस?”

त्याने काठी खाली ठेवली. “त्यांनी विचारलं, वास येतो का. येत होता. त्याच्या खिशातली बाटली फुटलेली, शर्ट सगळा ओला. मी बोललो, येतो. त्यांनी लिहिलं. पुढचं त्यांनी त्यांचं लिहिलं.”

“बाटली फुटली हे सांगायचं ना.”

“ते नाय विचारलं.”

सुकी दारात उभी होती. “तो खोटं बोलला का? जेवढं विचारलं तेवढं सांगितलं. पोलिसापुढे माणूस आणखी काय बोलतो?”

“काकी, मी भांडायला नाही आले.”

“मग कशाला आलीस ते सांग. तुझी बोलायची रीत शिकलेल्यांची, आमच्या टकुऱ्यात उशिरा शिरतं.”

मी सांगितलं. भोये काय म्हणाले ते सगळं. काका ऐकत होता, पण मातीकडे बघून. माझं संपल्यावर त्याने हात धुतले, नीट, बोटांच्या मधून, आणि ओट्यावर येऊन बसला.

“तुला ऐकायचं हाय?”

“हो.”

“ठोकळे नव्हते. साखळी एकच होती, दुसरीच्या जागी नायलॉनची दोरी. चिमण बोलला, नाय जमणार. नविनभाई बोलला, गिऱ्हाईक वाट बघतंय, काहीतरी कर. मग चिमणने पेंढा भरला.”

“बाबांनी?”

“नवा पेंढा होता, घट्ट बांधलेला, कुणाच्या तरी बैलांना म्हणून यार्डात आणून ठेवलेला. दीड हाताच्या जागेत त्याने पायाने दाबून दाबून भरला. भरलेला दिसला. मीपण बोललो, चांगला भरला.” तो थांबला. “पेंढा दाबला जातो, पोरी. कितीही भर. आपल्याला सगळ्यांना म्हाईत हाय. झोपताना अंगाखाली घेतो, सकाळी चपटा झालेला असतो. पण त्या टायमाला कुणाला नाय सुचलं. काट्याच्या अलीकडे म्हशी आडव्या आल्या. डायवरने ब्रेक मारला. पाइप गेले पुढे सगळे. आवाज आला आम्हाला.”

बाबा पायाने पेंढा दाबतायत हे मला आता दिसत होतं. ते त्यांच्यासारखंच होतं. हाताशी जे असेल त्याने भागवायचं, तक्रार एकदाच करायची, दुसऱ्यांदा नाही.

“काट्यावाला बोलला परत न्या. चिमणपण तेच बोलला. नविनभाई फोनवर. माझ्या फोनवर, मोठ्याने लावलेला. बोलला, हायड्रा क्रेन पाठवतो, पाइप मागे ढकलेल, तवर दोरी सोडून ठेवा, टाइम नाय. चिमण बोलला, आधी पाचरी. आणि पाचरी घेऊन पलीकडच्या बाजूला गेला. मी अलीकडे, दोरीपाशी.” काकाने ओट्यावर तळहात टेकवले. “मला तो दिसत नव्हता. मधी पाइप. नविनभाई फोनमधून बोलला, लक्ष्या, झालं का रे? मी बोललो, चिमण पाचरी मारतोय. तो बोलला, त्या म्हाताऱ्याने सोड म्हणेपर्यंत तू उभाच राहणार का? एकोणीस वर्षं तेच करतोस. तुला हात नायत?”

सुकी खाली बसली.

“मी सोडली,” काका म्हणाला. “त्याने सोड बोललं नव्हतं. फाळक्यावर हात मारला नव्हता. मला वाटलं, मलापण कळतं. एवढ्या गाड्या भरल्या. साखळी ढिली केली, मग दोरी. वरची पाइपांची लाइन पलीकडे गेली.”

वाफ्यात एक कोंबडी शिरली. सुकीने तिला हाकललं नाही.

माझ्या मनात राग होता का, हे मी नंतर बऱ्याचदा तपासून बघितलं आहे. असावा. पण त्या वेळी मला सर्वांत आधी जे वाटलं ते हे, की आता उत्तर मिळालं. बाबा तिथे का उभे होते, याचं उत्तर. ते पाचर ठोकत होते. ते शुद्धीत होते आणि नियमाप्रमाणे वागत होते. मी आनंदी झाले असं म्हणणार नाही, पण त्याच्या जवळचं काहीतरी मला त्या ओट्यावर वाटलं, समोर तो माणूस तसा बसलेला असताना.

“हे लिहून देशील?” मी विचारलं.

“नाय देणार,” सुकी म्हणाली. “तुझा बाप गेला, दक्षा. मी रडले नाय का? तुझ्याहून जास्त रडले असेन. पण गेला तो. याला कशाला नेतेस त्याच्या मागे? दोन पोरी हायत माझ्या शाळेत. हा आत गेला तर मी काय तुझ्या त्या कागदाला भाकरीबरोबर खाऊ?”

“काकी, आत जाईलच असं नाही.”

“तुला ठाऊक हाय जाईल का नाय?”

मला ठाऊक होतं. मी वकिलांना इथे येण्याआधीच विचारलं होतं, नाव न घेता, की निष्काळजीपणा कुणा एकाचा निघाला तर काय होतं. काय होतं ते त्यांनी सांगितलं होतं.

“जाऊ शकतो,” मी म्हणाले. “जामीन होतो. पण केस होईल.”

“ऐकलंस?” सुकी नवऱ्याला म्हणाली.

काका उठला, आत गेला आणि धुतलेला शर्ट घालून बाहेर आला. “झोप नाय लागत मला,” तो सुकीला म्हणाला. “तुला तर म्हाईत हाय.”

“मग नविनभाईला घेऊन जा ना. त्याला लागते का झोप, विचार.”

“तो येतोय होय,” काका म्हणाला आणि चपला शोधायला लागला.

*

चारोटीपर्यंत आम्ही रिक्षाने गेलो, पुढे हायवेला उभं राहून जीप पकडली. जीपमध्ये तो माझ्या समोर बसला होता. बाहेरून जाणाऱ्या प्रत्येक मालगाडीकडे तो वळून बघत होता, आधी टायर आणि मग दोरी. एकदा म्हणाला, “ही मागे जड हाय.” मी हो म्हटलं.

ठाण्यात भोये होते. साहेब बाहेर गेले होते. भोयेंनी काकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “अर्ज लिहून आणलाय?”

“इथे लिहिते.”

“लिहा. त्याच्या शब्दांत लिहा, तुमच्या नको. साहेबांना वास लागतो मास्तरांच्या भाषेचा.”

व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी लिहायला घेतलं. काका सांगत होता, मी लिहीत होते. तारीख, गाडी, एक्केचाळीस पाइप, एक साखळी. बाटलीचं आलं: कशासाठी असते, कुठे होती, कशी फुटली. ते मी सावकाश, पूर्ण लिहिलं. मग माझा हात थांबला.

“काका, ठोकळे नव्हते एवढं पुरे. नविनभाईंनी दिले नाहीत म्हणून.”

“आणि पेंढा?”

“त्याची गरज नाही.”

“गरज नाय कशी? पेंढा चिमणने भरला. पाइप सरकले ते त्याच्यामुळे.” तो आवाज न चढवता बोलत होता. “मी माझं सांगतोय ना सगळं? मग त्याचं का ठेवतेस?”

बाकासमोर जप्त केलेल्या मोटारसायकली उभ्या होत्या, त्यांच्यावर धूळ होती. मी लिहिलं: ‘ठोकळे न मिळाल्याने चिमण रघ्या धोदी याने मोकळ्या जागेत भाताचा पेंढा भरला. पेंढा दाबला जाऊन माल पुढे सरकला.’ बाबांच्या हातची एवढीच चूक मला माहीत आहे आणि ती माझ्या अक्षरात आहे.

मग पुढचं. फोन. पाचरी. दोरी.

“दोरीचं तसंच लिही,” काका म्हणाला. “त्याने सोड बोललं नव्हतं, मी सोडली.”

मी तसंच लिहिलं.

भोयेंनी उभ्याउभ्याच वाचलं. दोनदा वाचलं. “लक्ष्या, तुला कळतंय का हे काय आहे?”

“हो.”

“फोनवर मॅनेजर बोलला, असं लिहिलंय. दुसऱ्या कुणी ऐकलं?”

“डायवरने.”

“तो कुठाय?”

“त्याच्या मुलुखात गेला. बलिया का कुठे.”

“टोळीतले?”

“ते यार्डात होते.”

“मॅनेजर नाही म्हणेल,” भोये मला म्हणाले. “फोन आला होता एवढं कळेल, काय बोलला ते कळणार नाही. मग या कागदावर राहतो कोण, तर हा.” त्यांनी कागद माझ्यापुढे धरला, परत घ्यायचा असेल तर घ्या, अशा तऱ्हेने. “अजून आवक शिक्का मारलेला नाही मी.”

मी कागद घेतला नाही. काकाकडेही बघितलं नाही, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर कदाचित घेतला असता.

“शेवटचं वाक्य राहिलंय,” भोये म्हणाले. “राजीखुशीचं.”

ते मला सांगावं लागलं नाही. सगळ्या अर्जांच्या शेवटी असतं ते. मी कागद भिंतीला टेकवून लिहिलं: ‘वरील मजकूर मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.’ काकाने खाली सही केली. अक्षरं सुटी सुटी, प्रत्येकाच्या आधी पेन उचलून.

भोयेंनी शिक्का मारला. “पंचनाम्याला जोडतो. झालं मॅडम, आता त्या वाक्याला अर्थ नाही. तुमचे वडील दारूत नव्हते.” मग आतल्या बाकाकडे हात केला. “लक्ष्या, तू बस इथे. साहेब येऊ दे.”

“घरी जाऊन उद्या आला तर?” मी विचारलं.

“आता नाही मॅडम.”

काका बाकावर जाऊन बसला. चपला काढून बाकाखाली ठेवल्या. त्याचा मोबाइल भोयेंनी मागितला, तो त्याने दिला.

मी बाहेर आले. फाटकापाशी उभी राहून सुकीकाकीच्या शेजारणीला फोन लावला. तिने काकीला हाक मारली. मला तिची पावलं ऐकू आली, मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज.

“निघालात का?” काकी म्हणाली. “भात टाकू का त्याचा?”

“नको,” मी म्हणाले. “आज नको.”

तिने फोन ठेवला नाही. मी तो कानाला लावून उभी राहिले.